सुभेदारांनी रंगवलेला डबा

मारुतराव शेडग्यांना वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. भिंतीवरचं कॅलेंडर, दाराबाहेरच्या चपला, ताटातली चपाती, काहीही चालायचं. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच. मुलगा राजवीर दिल्ली छावणीत हवालदार होता. त्याच्या क्वार्टरमध्ये मारुतराव आणि त्यांची बायको ठकूबाई राहायला आले आणि महिन्याभरात अख्ख्या ब्लॉकला कळलं की कुणीतरी आलं आहे. भाजीवाल्याच्या गाडीवरचे टोमॅटो आकाराप्रमाणे लागले. जिन्याखालच्या सायकली उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या. पूर्वी नावाच्या सुनेच्या स्वयंपाकघरातले डबेही त्यांनी एकदा असेच रांगेत लावले. तिला हळद सापडेना, आणि त्या दिवशीची आमटी पांढरीफटक झाली.

पूर्वी गुणी मुलगी, काही बोलली नाही. बोलल्या त्या ठकूबाई. ह्यांना कुठंतरी ड्युटीवर लाव, नाहीतर मीच दुसरीकडं पोस्टिंग मागून घेते, असं त्यांनी राजवीरला भर जेवणात सांगितलं.

मारुतराव खटाव तालुक्यातले. मिसरूड फुटायच्या वयात भरती झाले आणि मग फौजेनं नेलं तिकडं गेले. झाशी, अंबाला, जम्मू, पुन्हा अंबाला. फौजेनं त्यांना वेळेआधी पोचायला शिकवलं, बुटात तोंड दिसेल इतकी पॉलिश करायला शिकवलं, आणि साहेब येणार म्हटलं की रंगाचा डबा उघडायला शिकवलं. ज्यांनी छावणी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. मोठा अधिकारी यायचा असला की झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू लागतो आणि वर चुना. रस्त्याकडेच्या विटा तिरक्या रोवून एक लाल आणि एक पांढरी करतात. जी वस्तू जागची हलत नाही तिला रंग लागतोच, आणि रंग वाळायच्या आत साहेब येऊन पुढे निघूनही जातो. मारुतरावांनी उमेदीत असे कितीतरी साहेब निभावले होते. मातीचा ढिगारासुद्धा त्यांनी एकदा चौकोनी करून रंगवला होता आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती.

तर अशा माणसाला दिल्लीत काम मिळालं ते एका आंधीमुळे.

मे महिन्यात दिल्लीला आंधी येते, त्यात नवल काही नाही. भर दुपारी आभाळ पिवळं होतं, डोळ्यांत धूळ जाते, विजेची तार तुटते आणि अर्ध्या तासात सगळं शांत. पण त्या वर्षीच्या आंधीनं गुडगावच्या पुढं, गढी हरसरूपलीकडं असलेल्या एका छोट्या रेल्वे संग्रहालयाची पार वाट लावली. एका ट्रस्टनं चालवलेलं ते संग्रहालय. एक वाफेचं इंजिन, मीटरगेजचे चार डबे, सिग्नलचे दोन खांब आणि एक बसका फलाट. आंधीनं शेडचे पत्रे उचलून शेजारच्या शेतात नेऊन टाकले आणि एक भलामोठा सफेदा, म्हणजे आपला निलगिरी, तिसऱ्या वर्गाच्या लाकडी डब्यावर आडवा झाला. संग्रहालयाचे पद्माकर नाडकर्णी हे मूळचे पुण्याचे, पण दिल्लीत केस पिकवलेले गृहस्थ. त्यांनी मदतीसाठी चार ठिकाणी निरोप धाडले. त्यातला एक दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत फिरत राजवीरच्या फोनवर आला. स्वयंसेवक हवेत, एवढंच वाचून राजवीरनं वडिलांचं नाव कळवून टाकलं. परवानगी नंतर घेतली.

मारुतराव पहिल्या दिवशी सकाळची रेवाडी पॅसेंजर पकडून गेले आणि सगळ्यांच्या आधी पोचले. बाकीचे स्वयंसेवक शनिवार-रविवारचे, गुडगावच्या ऑफिसांतले. त्यांची म्होरकी मयुरा नावाची पुण्याची मुलगी होती. दोघांची पहिल्या दिवशीच ठिणगी उडणार असं वाटत होतं, कारण सगळ्यांना गोल उभं करून कोण काय करणार हे तिनं विचारायला घेतलं, आणि रांग लावायची तर ती मी लावणार असा मारुतरावांचा हट्ट. पण आमच्या ऑफिसातही रोज सकाळी सगळ्यांना उभं करून कामाचा हिशेब विचारतात, असं तिनं सांगितलं तेव्हा मारुतरावांच्या मनात आयटी कंपन्यांविषयी एकदम आदर उत्पन्न झाला. मग पोरांनी शेतातून पत्रे वेचून आणले, सफेद्याचे ओंडके केले, इंजिनावरची माती उतरवली. मारुतराव शनिवार-रविवार तर जातच, पण अधल्यामधल्या दिवशीही जाऊ लागले. पालममधले तीन-चार निवृत्त जवानही त्यांनी गोळा केले. घरी हळद जागेवर सापडू लागली. ठकूबाई म्हणाल्या, देवानं आंधी आमच्यासाठीच पाठवली.

सगळं छान चाललं होतं. गाडी अडली ती लाकडी डब्यापाशी.

सफेद्यानं त्या डब्याचं छत चेपलं होतं आणि एका बाजूच्या फळ्या फोडल्या होत्या. ट्रस्टमधल्या काहींचं म्हणणं पडलं की आता याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. लाकूड भंगारात द्या, त्या जागेवर कॅफे काढा, लोक येतील, फोटो काढतील. शेवटी ट्रस्टच्या हेमलता माथुर यांनी सांगितलं की मी सोमवारी स्वतः येऊन बघते आणि ठरवते. पद्माकरांची झोप उडाली. त्यांच्या लेखी त्या संग्रहालयात तो डबा म्हणजेच सगळं होतं. इंजिनं काय, दुसरीकडंही आहेत. पण या डब्याच्या आतल्या भिंतींवर आणि बाकांवर, जुन्या व्हार्निशमध्ये, कित्येक वर्षांच्या प्रवाशांनी खिळ्यानं, किल्लीनं, चाकूच्या टोकानं काहीबाही कोरून ठेवलं होतं. हिंदीत नावं, उर्दूत नावं, गावं, एक शेळी, एक मिशीवाला, एका बाकावर सोंगट्या खेळायचा अख्खा पट. फार पुसट होतं ते. पद्माकर बॅटरीचा उजेड तिरका धरून एकेक दाखवायचे तेव्हाच दिसायचं.

मारुतरावांनाही त्यांनी एकदा ते दाखवलं होतं. "बघा ना सुभेदारसाहेब, लोकांनी काय काय करून ठेवलंय," असं हसून म्हणाले होते. पुणेरी माणसाचं कौतुक बाहेरून तक्रारीसारखंच दिसतं. मारुतरावांनी ती तक्रारच समजली आणि सरकारी मालमत्तेची ही नासधूस पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या पोरांना त्यांनी पाठीवर पिठ्ठूचं ओझं बांधून मैदान फिरवलं असतं.

फुटलेल्या फळ्यांच्या जागी जुनं, मुरलेलं सागवान हवं म्हणून शुक्रवारी पद्माकर कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात गेले. जाताना मारुतरावांना म्हणाले, सोमवारी माथुरबाई यायच्या आहेत, आवार तेवढं नीटनेटकं करून ठेवा. बस. चाळीस वर्षांची सवय एका वाक्यानं जागी झाली. मारुतरावांनी पेन्शनरांची तुकडी बोलावली, गेरू भिजवला, चुना कालवला. दुपारपर्यंत सगळी झाडं दुरंगी झाली, फलाटाकडेच्या विटा तिरक्या उभ्या राहिल्या. एवढं झाल्यावर थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेडमध्ये बदामी ऑइलपेंटचे डबे पडले होते. मारुतराव ते घेऊन लाकडी डब्यात शिरले आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं घरी परतले ते अंगाला टर्पेंटाइनचा वास आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पोरांना घरचं खाऊ घालायचं म्हणून ठकूबाई पहिल्यांदाच बरोबर आल्या होत्या. भाकरी, पिठलं आणि ठेचा. मयुरा सगळ्यांच्या पुढं डब्यात चढली आणि दारातच थांबली. आतून सगळं बदामी झालं होतं. भिंती, बाकं, खिडक्यांच्या पट्ट्या, सगळं गुळगुळीत आणि सारखं. ऑगस्टची दमट हवा, रंग अजून बोटाला लागत होता.

"काका," ती म्हणाली, "यार काका, हे काय केलंत?"

एकदम बढिया झालं ना, असं मारुतरावांनी विचारलं. तेवढ्यात टेम्पोतून फळ्या उतरवून पद्माकर आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मारुतरावांना बरं वाटलं असतं, ती भाषा त्यांना येत होती. पद्माकर फक्त म्हणाले, "सुभेदारसाहेब, इथं माणसांची नावं होती." आणि खाली उतरून फलाटाच्या कडेला, ओल्या चुन्यावरच जाऊन बसले.

मग मयुरानं मारुतरावांना सगळं सांगितलं. त्या नावांसाठीच हा डबा ठेवायचा होता. सोमवारी बाईंना तीच दाखवायची होती. त्याशिवाय हा डबा म्हणजे फुटकं लाकूड, आणि फुटक्या लाकडाला कोण ठेवतं? करायला गेला गणपती आणि झाला मारुती ही म्हण तिथल्या प्रत्येक मराठी माणसाच्या ओठावर आली असणार, पण सुभेदारांच्या नावामुळे कुणी ती उच्चारली नाही.

मारुतरावांना राग आला, कारण शरमेपेक्षा राग सोपा असतो. सरकारी डब्यावर नावं खरडणारे लोक, त्यांचं एवढं कौतुक? उद्या कुणी लाल किल्ल्यावर नाव कोरलं तर त्याला हार घालणार का? ते बराच वेळ बोलत राहिले. मग त्यांनी आपली पिशवी उचलली. आपलं इथलं काम संपलं, हे त्यांना कुणी न सांगता समजलं होतं. पुन्हा क्वार्टर, पुन्हा जिन्याखालच्या सायकली. या वयात दुसरी आंधी कुठून आणायची? ते ठकूबाईंना हाक मारायला वळले, तर ठकूबाई डब्यात चढून एका बाकाच्या कोरड्या कडेवर बसल्या होत्या.

"चल," मारुतराव म्हणाले.

"लग्नानंतर मला झाशीला नेलीत, तवा असलाच लाकडी बाक व्हता," ठकूबाई म्हणाल्या. "तुम्ही वरच्या फळीवर घोरत व्हता. माझी आय फलाटापत्तुर पण आली न्हवती. मला लिवता येत न्हवतं. केसातला आकडा काढला आन् बाकावर गोपद्म काढलं. तुळशीपुढं काढत्यात तसलं."

एवढा संसार झाला, पण बायकोनं कधी रेशनच्या रांगेतही पुढं घुसखोरी केली नव्हती.

"सरकारी बाकावर?" त्यांनी विचारलं.

"मग कुठं काढू? घर सुटलं, गाव सुटलं. म्हटलं, मी हितनं गेले एवढं कुणाला तरी कळावं. हितं ज्यांनी नावं लिवली त्यांचं मला कळतंय. तुमाला न्हाई कळायचं. तुम्ही सगळीकडं हुकमानं गेलासा, तुमचं नाव आधीच कागदावर असायचं."

मारुतरावांनी पिशवी खाली ठेवली. त्यांना एकदम आठवलं की झाशीला उतरल्यावर तिचे डोळे सुजलेले होते आणि त्यांनी तिला विचारलं होतं, डोळ्यांत इंजिनाची कोळशी गेली का? ती हो म्हणाली होती. त्यांनी ते खरं मानलं होतं, इतकी वर्षं. ही गोष्ट आपण अशी इतक्या उशिरा, रंगाच्या वासात ऐकावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

ते खाली उतरले आणि थेट पद्माकरांपुढं सावधान उभे राहिले. रंग अजून कच्चा आहे, ते म्हणाले. मी चढवलाय, मीच उतरवतो. चालेल का तेवढं सांगा.

पद्माकरांनी आधी एका कोपऱ्यात, हाताएवढ्या जागेवर प्रयत्न करून पाहायला सांगितलं. टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलेला मऊ बोळा, अगदी हलका हात, खरवडायचं नाही. अनिश नावाच्या मयुराच्या सहकाऱ्यानं फोनवर दहा ठिकाणी वाचून तेच सांगितलं. मारुतरावांनी बोळा फिरवला. वरचा रंग निघाला, खालचं काळपट व्हार्निश उघडं पडलं, आणि त्या व्हार्निशमधल्या बारीक रेघांत बदामी रंग तसाच राहिला. कुणीतरी हरकिशन, गाव बावल. आजवर बॅटरी धरल्याशिवाय न दिसणारं नाव आता दारातून वाचता येत होतं.

पद्माकर उठून उभे राहिले. त्यांच्या पॅंटचा मागचा भाग पांढरा झाला होता, पण ते कुणी त्यांना सांगितलं नाही.

मग दोन दिवस त्या डब्यात जी गंमत झाली ती काही विचारू नका. बोळे कमी पडले तेव्हा मयुराच्या मंडळींनी आपापल्या पिशव्यांतून ऑफिसचे टी-शर्ट काढले. प्रत्येकाकडं तसे ढीगभर असतात आणि बाहेर घालायची कुणाची छाती नसते. संघभावना, उत्कृष्टता, भविष्याकडे झेप, सगळं टर्पेंटाइनमध्ये भिजलं. एकेक नाव निघालं की ज्यानं काढलं तो ते मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. उर्दू नावांसाठी जवळच्या चहावाल्याला वर बोलावलं, तर तो हातातलं काम सोडून तिथंच रमला. शेळी निघाली. मिशीवाला निघाला. सोंगट्यांचा पट निघाला तेव्हा मारुतराव आणि तो चहावाला त्याच्यावर भाकरीचे तुकडे ठेवून एक डाव खेळलेदेखील, आणि मारुतराव हरले. काही जागी रंग फार मुरला होता, तिथं पद्माकरांनी हात लावू दिला नाही. तेवढे बदामी डाग राहिले.

सोमवारी हेमलताबाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. गाडीतून उतरल्या आणि दुरंगी झाडांकडे पाहून त्यांनी विचारलं की हे संग्रहालय कुठल्या रेजिमेंटला दिलं का? मारुतराव पुढं आले आणि आपण केल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांनी डब्यातलं प्रकरणही लपवलं नाही. बाई ऐकत डब्यात चढल्या. पद्माकर समजावून सांगायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतःच वाचत सुटल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक बाकाशी वाकून. शेळीपाशी त्या हसल्या. मग एका नावापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, का ते त्यांनी सांगितलं नाही. खाली उतरल्यावर म्हणाल्या की कॅफे गेटाबाहेर काढू, डबा इथंच राहील. आणि झाडांचा तो चुना मात्र पावसानं धुऊन गेला तरी कुणी पुन्हा लावायचा नाही.

मारुतरावांनी कडक सॅल्यूट ठोकला. जागची न हलणारी एखादी वस्तू तशीच सोडून द्यायचा हुकूम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

पुढच्या शनिवारी कीर्तीनगरच्या फळ्या बसल्या. नव्या आणि जुन्यातला फरक दिसला पाहिजे म्हणून पद्माकरांनी त्या कोऱ्याच ठेवल्या आणि दाराशी पाटी लावली की आत कुणी काही कोरू नये. पाटी मारुतरावांनीच ठोकली, अगदी सरळ, दोरी लावून. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्यांनी ठकूबाईंना खुणेनं बोलावलं. खिशातला बारका पेचकस काढून तिच्या हातात दिला आणि डब्याकडे बोट केलं.

ठकूबाईंनी पाटीकडे पाहिलं. वाचता येत होतं त्यांना आता, अंबाल्याला जवानांच्या बायकांच्या वर्गात त्या शिकल्या होत्या. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"जा," मारुतराव म्हणाले. "मी आहे इथं."

ती आत गेली आणि मारुतराव दाराकडे पाठ करून, पाय फाकवून, हात मागे बांधून उभे राहिले. आतून खरडल्याचा आवाज येऊ लागला. तेवढ्यात जेवण आटोपून पद्माकर तिकडेच येताना दिसले. मारुतराव जागचे हलले नाहीत. आत इन्स्पेक्शन चालू आहे, साहेब, थोडा वेळ थांबावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. पद्माकरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आवाज ऐकला, पाटीकडे पाहिलं, आणि चहा राहिलाच होता असं म्हणून आल्या वाटेनं परत गेले.

ठकूबाई बाहेर आल्या, पेचकस परत दिला आणि भांडी गोळा करायला गेल्या. मारुतराव आत शिरले. काम झालं की पाहणी करायची, ही सवय कुठं जाते? नव्या फळीवर, खिडकीच्या खाली, एक छोटंसं गोपद्म होतं. त्याच्या खाली तिच्या मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत एक नाव होतं. तिचं नव्हे. उखाणा सोडला तर तिनं जे आजवर कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते मारुतराव हे नाव तिनं सरकारी लाकडावर कोरलं होतं, आणि त्यातला शेवटचा व ओळ सोडून खाली घसरला होता.

मारुतरावांनी तो सरळ करायला पेचकस काढला नाही. खिशातला रुमाल काढून त्यांनी अक्षरांत अडकलेला लाकडाचा भुसा हळूच पुसून घेतला.